गरम झाल्यावर बंद पडणारा सेट

बिडकीनमधल्या त्या दुकानात तीन टीव्ही चालू होते आणि तिन्हींचा आवाज बंद होता. एकावर बातम्या, एकावर कीर्तन, तिसऱ्यावर नुसताच निळा पडदा. काका एकाकडेही बघत नव्हते. मधूनमधून उठायचे, निळ्या पडद्यावाल्या टीव्हीच्या पाठीवर उलटा तळवा टेकवायचे आणि परत स्टुलावर येऊन बसायचे. आईने तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मी विचारलं, काय बघताय?

"गरम व्हायची वाट बघतोय. थंड असताना हा एक नंबर चालतो. दोन तासांनी गप होतो. आता बंद पडल्याबिगर बिघाड घावत नाय."

मी हॉकीबद्दल बोलायला आलो होतो. बोलणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

संपादकांचा फोन आला होता तो २०२५ च्या सप्टेंबरात. यंदाच्या अंकाचा विषय 'आशा'. मराठवाड्यात पावसाने पिकं झोपवलेली, जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडलेले, आणि आम्ही आशेवर अंक काढणार. "पण भाबडं नको," ते म्हणाले, "आणि रडगाणंही नको." या दोन अटी पाळून चाळीस-पन्नास वर्षं जगलेला माणूस कोण, असा विचार करताना मला हॉकीचे चाहते आठवले. मी स्वतः त्यातलाच. पण माझी आशा गेली वीस वर्षं रजेवर असते, फक्त ऑलिम्पिकला कामावर येते. रोज हजेरी लावणारा माणूस हवा होता. संभाजीनगरातल्या एका प्राध्यापक मित्राने पत्ता दिला: बिडकीन, मुख्य रस्त्यावरून आत, टीव्ही दुरुस्तीचं दुकान, कुणालाही विचारा.

पैठण रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. वाटेत चितेगाव लागतं. एके काळी इथे व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे आणि या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटायची. पुढे बिडकीन. गावाच्या शेजारी ऑरिकची औद्योगिक वसाहत, ७,८५५ एकरांची. विमान उतरेल असे रुंद सिमेंटचे रस्ते. टोयोटा, एथर अशी नावं आता चहाच्या टपरीवर कापसाच्या भावाबरोबरीने ऐकू येतात. त्या नव्या जगाकडे पाठ करून काकांचं दुकान आहे. वय साठ. नाव छापायचं नाही, ही त्यांची एकमेव अट. "गिऱ्हाईक म्हणतील, हा मॅच बघत बसतो म्हणून टीव्ही वेळेवर देत नाय." गिऱ्हाईक तसं म्हणतातच, हे नंतर दिसलं.

तुतीची काठी

काकांचे वडील औरंगाबादच्या छावणीत कामाला होते. गाव अजूनही काकांच्या तोंडी औरंगाबादच आहे. पलटणींचे सामने चालायचे, वडील सायकल टेकवून बघायचे. एक दिवस त्यांनी मोडकी हॉकी स्टिक घरी आणली. मूठ फाटलेली, खालचा आकडा चिरलेला. सुतळी गुंडाळून, सरस लावून ती उभी केली. दुसरी काठी नव्हती, म्हणून बाकीची पोरं बाभळीच्या वाकड्या फांद्या घेऊन खेळायची. चेंडू चिंध्यांचा. तो पावसात भिजला की दगड व्हायचा.

"ती काठी तुतीच्या लाकडाची होती, हे मला लई उशिरा कळलं," काका म्हणतात. तेव्हाच्या हॉकी स्टिक तुतीच्याच असत. जालंधर आणि मेरठच्या कारखान्यांत तुतीचं लाकूड वाफवून वाकवत. लवचीक, चिवट, चेंडूचा दणका पचवणारं. आज त्याच तुतीच्या बागा मराठवाड्यात रेशीम किड्यांच्या पाल्यासाठी लावतात. काठ्या मात्र आता कार्बनच्या, कंपनीच्या साच्यातून निघणाऱ्या.

काठी बदलली त्याच्या आधी जमीन बदलली. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर, खेळली गेली आणि आदल्याच वर्षी विश्वविजेता झालेला भारत सातवा आला. भारतीयांचा खेळ मनगटाचा: चेंडू काठीला चिकटवून न्यायचा, झुकांडी द्यायची, जवळच्याला हळूच सरकवायचा. नैसर्गिक गवतावर चेंडू उडतो, अडतो, वळतो, तिथे हे कसब सोन्याचं. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट जातो. तिथे फुप्फुसं आणि मांड्या जास्त लागतात. पुढे ऑफसाइडचा नियम गेला, मग पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन सत्रांची जागा पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार तुकड्यांनी घेतली. "आपल्याविरुद्ध कट" अशी या सगळ्याची मांडणी मी लहानपणापासून ऐकत आलोय. काकांना ती मान्य नाही. पिक्चर ट्यूब गेली, एलसीडी आला, एलईडी आला. प्रत्येक वेळी बाजारातले अर्धे मेकॅनिक म्हणाले, कंपन्यांनी आम्हाला मारायला हे काढलं. "जे म्हणत बसले त्यांची दुकानं बंद झाली. मी नागपूरला जाऊन पंधरा दिवस शिकून आलो."

टर्फची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सामन्याआधी त्यावर हजारो लिटर पाणी मारावं लागतं, नाहीतर चेंडू अडखळतो आणि पडलेल्या खेळाडूची कातडी सोलते. टँकरच्या पट्ट्यात असलं मैदान मागायचं तरी कुठल्या तोंडाने? पाण्यावाचून चालणारं टर्फ आणण्याची भाषा आंतरराष्ट्रीय संघटना आता करते आहे. ते आलं तर त्याचं पहिलं स्वागत मराठवाड्याने करावं.

एक-सात

१९७५ साली काका दहा वर्षांचे. क्वालालंपूरचा अंतिम सामना त्यांनी वडिलांच्या मांडीवरच्या रेडिओतून ऐकला. पाकिस्तानविरुद्ध सुरजित सिंगने बरोबरी साधली, अशोक कुमारने विजयी गोल केला, दोन-एक. ध्यानचंदांचा हा मुलगा. त्या संघात शिवाजी पवार हे नाव ऐकून वडिलांनी गल्लीत साखर वाटली होती. पवार म्हणजे आपलाच, यापलीकडे त्यांना त्याची काही माहिती नव्हती आणि लागतही नव्हती. पाच वर्षांनी मॉस्कोत सुवर्ण. बरेच मातब्बर देश बहिष्कारामुळे आले नव्हते, हे काका न विचारता सांगतात.

आणि मग १ डिसेंबर १९८२. दिल्लीचे आशियाई खेळ, अंतिम सामना, समोर पुन्हा पाकिस्तान. भारताने पहिला गोल केला. पाकिस्तानने त्यानंतर सात. ज्या स्पर्धेसाठी देशात रंगीत टीव्ही आला, त्या स्पर्धेतली ही सर्वांत ठळक रंगातली आठवण. काकांनी ती रेडिओवरच ऐकली. "चौथ्या गोलला वडलांनी रेडिओ बंद केला. मी मागच्या दारानं शेजारी गेलो, उरलेले तीन ऐकायला."

या वाक्यापाशी मी थांबलो. मी त्या दिवशी काय केलं होतं? रडलो होतो आणि शाळेत सगळ्यांबरोबर गोलरक्षकाला शिव्या दिल्या होत्या. मीर रंजन नेगींवर तेव्हा देशद्रोहाचे आरोप झाले. याच नेगींनी १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे गोलरक्षक घडवायला मदत केली, हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? 'चक दे इंडिया' हा चित्रपट येईपर्यंत मला नव्हतं. चाहत्याची आशा खोटी पडली की तो गुन्हेगार शोधतो. बिघाड शोधत नाही.

तोच आकडा पुढे एकदा परत आला. टोकियो ऑलिम्पिक, २५ जुलै २०२१, ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक-सात. मी टीव्ही बंद केला आणि बायकोला म्हणालो, संपलं. काकांनी त्या दिवशी वहीत लिहिलं: "साखळीतला सामना आहे. पुढचा स्पेनशी." अकरा दिवसांनी, ५ ऑगस्टच्या सकाळी सातला, जर्मनीविरुद्ध एक-तीनने मागे पडलेला संघ पाच-चारने जिंकला, शेवटच्या काही सेकंदांत मिळालेला पेनल्टी कॉर्नर गोलरक्षक श्रीजेशने अडवला. एकेचाळीस वर्षांनी ऑलिम्पिक पदक. दुकान त्या दिवशी दहाला उघडायचं ते पावणेसातला उघडलं होतं.

वही

वही म्हणजे दुरुस्तीची जुनी पावती पुस्तकं, उलट्या बाजूने वापरलेली. समोर 'ग्राहकाचे नाव, मॉडेल, तक्रार', मागे हॉकी. प्रत्येक सामन्याच्या तीनच नोंदी: पेनल्टी कॉर्नर किती मिळाले आणि किती सत्कारणी लागले, कार्डं किती, कुणाला, शेवटच्या पाच मिनिटांत काय झालं. कोण जिंकलं हे कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

पहिली नोंद समजून घ्यायची तर पेनल्टी कॉर्नर डोळ्यांपुढे आणायला हवा. एक जण मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा वर्तुळाच्या टोकाशी तो अडवतो, तिसरा काठीने तो ओढत आणून गोफणीसारखा भिरकावतो. समोरून तोंडावर मुखवटे चढवलेले बचावपटू अंगावर धावत येतात. सगळा खेळ दोन सेकंदांचा. मोठे सामने बहुतेक इथेच फिरतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे आपले दोन्ही गोल कर्णधार हरमनप्रीतचे, दोन्ही कॉर्नरवरचे. वहीत त्यापुढे टीप: "हा बसला तर दुसरा कोण?" २०२५ साली राजगीरला ७ सप्टेंबरला कोरियाला चार-एकने हरवून आशिया चषक जिंकला, तिथे चारपैकी एकच गोल कॉर्नरचा, तोही बचावपटू अमित रोहिदासचा. टीप: "बरं वाटलं."

तिसरी नोंद खरी. शेवटची पाच मिनिटं हे भारतीय हॉकीचं जुनं दुखणं. सिडनी २०००: पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी, एक-शून्यची आघाडी, आणि शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरीचा गोल. मी त्या दिवशी कचेरीत कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलो होतो. माझा चेहरा बघून साहेबांनी कुणी गेलं का विचारलं. रिओ २०१६: जर्मनीचा विजयी गोल तीन सेकंद उरले असताना. जकार्ता २०१८, आशियाई खेळांची उपांत्य फेरी: मलेशियाची बरोबरी एकोणसाठाव्या मिनिटाला, मग शूटआउटमध्ये हार.

"ड्राय सोल्डर," काका म्हणाले.

सर्किटवर एखादा टाका वरून चकचकीत दिसतो, पण आत नीट धरलेला नसतो. सेट थंड असेपर्यंत जोड टिकून राहतो. तापला की धातू फुगतो, हूल देतो, चित्र जातं. गिऱ्हाईक म्हणतं नशीब खराब. नवखा मेकॅनिक थंड सेट तपासतो, सगळं ठीक सांगतो, पैसे घेतो. "आपली टीम थंडीत तपासून पाठवायचे. पंचावन्न मिनिटं पळाल्यावर पाय कुठं असतो, डोकं कुठं असतं, ते कुणी बघत नव्हतं." मला ही उपमा फार सोपी वाटली, तसं बोललोही. अशा हारीची कारणं दहा असतात: दमछाक, बचावात मागे सरकत जाण्याची सवय, बदली खेळाडूंची वेळ, पंचांचा एखादा निर्णय. काका हसले. "ड्राय सोल्डर बी एक नसतोय, साहेब. बोर्डावर वीस निघतात. एकेक टाका परत मारावा लागतो."

पॅरिसच्या पानांवर मात्र वेगळं दिसतं. न्यूझीलंडविरुद्ध विजयी गोल एकोणसाठाव्या मिनिटाला, आपला. अर्जेंटिनाविरुद्ध बरोबरीचा गोल एकोणसाठाव्या मिनिटाला, तोही आपला. या दोन नोंदींखाली काकांनी लाल रेघ मारली आहे. पदकाखाली मारलेली नाही.

रविवारची दुपार

४ ऑगस्ट २०२४, दुपारी दीड, ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. दुकानात आठ-दहा माणसं होती, त्यातली निम्मी पावसाने अडकलेली. ही हकिगत मी समोरच्या टपरीवाल्याकडून ऐकली. काकांना त्या दिवसाचं फक्त हॉकी आठवतं.

सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली त्रेचाळीस मिनिटं दहा जणांनी काढायची. हरमनप्रीतचा गोल, ब्रिटनची बरोबरी, आणि मग नुसता मारा. या सगळ्यात एक गिऱ्हाईक रिमोट घ्यायला आलं, थोडा वेळ बघत उभं राहिलं आणि विचारलं, "कितवी ओव्हर चालूय?" कुणी हसलं नाही. काकांनी रिमोट दिला, पैसे घेतले नाहीत, नजर हलवली नाही. एक-एक. शूटआउट. चार-दोन. पावसात अडकलेली माणसंही ओरडली. टपरीवाल्याने चहा फुकट पाजला, असं तो स्वतः सांगतो.

त्या रात्रीची वहीतली ओळ मी वाचली: "रोहिदास पुढच्या मॅचला नाही. जर्मनी. अवघड." गाव नाचत असताना माणसाने हे लिहावं, हे मला जरा करंटेपणाचं वाटलं. दोन दिवसांनी, भारताचं अपील फेटाळलं गेल्यावर, रोहिदासविना उतरलेला संघ जर्मनीकडून दोन-तीनने हरला. विजयी गोल चौपन्नाव्या मिनिटाला. काका दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दुकानात होते. मी मात्र दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो. करंटं कोण होतं?

२०२५ च्या जूनची पानंही बघितली. युरोपात प्रो लीगमध्ये सलग सात पराभव, शेवटी बेल्जियमवर एक विजय, नऊ संघांत आठवा क्रमांक. महिलांचा संघ तर त्या लीगमधून खाली घसरला. त्याच महिला टोकियोत चौथ्या होत्या, आणि २०२४ च्या जानेवारीत रांचीत जपानकडून एका गोलने हरून पॅरिसला मुकल्या. ही पानं पुरुषांच्या विजयाच्या पानांइतकीच नीट भरलेली आहेत, त्याच शाईने.

आपल्यातलं कोण

२९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. गावोगावच्या शाळांत फोटोला हार पडतो, राष्ट्रीय खेळ हॉकी असं भाषण होतं आणि मग कबड्डी खेळतात. हॉकीला राष्ट्रीय खेळाचा अधिकृत दर्जा नाही, असं केंद्रानेच २०१२ साली माहिती अधिकारातल्या एका अर्जाला कळवलं होतं. भाषणं बदललेली नाहीत.

महाराष्ट्राकडे नाव आहे ते धनराज पिल्लेंचं. खडकीचा मुलगा, चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, आणि बँकॉकचं सुवर्ण. काकांच्या काउंटरच्या काचेखाली त्यांचं वर्तमानपत्रातलं चित्र आहे, केस उडालेले, तोंड उघडं. पूर्वी प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स नावाचा संघ होता. २०२४-२५ च्या हिवाळ्यात नव्याने सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये पुरुषांचे आठ संघ होते, महाराष्ट्राचा एकही नाही. भारतीय संघांच्या छातीवर २०१८ पासून ओडिशाचं नाव आहे. एका राज्याने ठरवलं की काय होतं ते सगळ्यांनी बघितलं, आपणही बघितलं, आणि टाळ्या वाजवल्या. राजगीरच्या संघात मुंबईचा सूरज करकेरा होता, दुसरा गोलरक्षक म्हणून.

पण आपल्याकडे काही उगवतच नाही, असंही नाही. साताऱ्याच्या फलटण तालुक्यात बघा. आसूची वैष्णवी फाळके हांगझोऊ आशियाई खेळांत कांस्य जिंकणाऱ्या संघात होती. त्याच तालुक्यातल्या अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ २०२४ मध्ये मस्कतला पाच-पाच जणींच्या विश्वचषकात रौप्य घेऊन आल्या. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकरी घरांतल्या मुली. एका तालुक्यात तीन जणी, हा योगायोग नसतो. कुणीतरी रोज पहाटे मैदानावर उभं राहिलेलं असतं.

बिडकीनला तसं कुणी आहे का? सकाळी मी ऑरिकच्या त्या रुंद रस्त्यांवर हिंडलो. फिरायला आलेली माणसं, भरतीसाठी धावणारी पोरं, आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. एकाच्याही हातात हॉकीची काठी दिसली नाही. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, इथून तासाभराच्या अंतरावर. काकांनी आपल्या नातवाला एकदा तिकडे नेलं होतं. त्याला धनुर्विद्या आवडली. "आवडू द्या," काका म्हणाले. आवाजात थोडी खरखर होती. तो टाका मी उकरला नाही.

निघताना विचारलं, तुमच्या हयातीत ऑलिम्पिकचं सुवर्ण? "मॉस्कोचं झालंय की," ते म्हणाले. पुढचं? त्यांनी खांदे उडवले. विश्वचषक? त्यावर मात्र ते तपशिलात शिरले: श्रीजेशनंतर गोलरक्षक कोण टिकतो, हरमनप्रीतला पर्याय, मधल्या फळीतली दमछाक. बोलताना उठून त्यांनी निळ्या पडद्यावर हात ठेवला. तेवढ्यात पडदा काळा झाला. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला. टीव्हीचा मालक दारातच उभा होता. त्याला सांगितलं, उद्या या. दुरुस्त झाला की चार तास चालवून बघणार, मग देणार.

पुढचा विश्वचषक २०२६ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे. १९७५ नंतर भारताने त्यात एकदाही उपांत्य फेरी गाठलेली नाही. काकांनी नवी वही आणली आहे, दोनशे पानी.